शिरीषचा ताकदवान मॅग्नेट

शिरीष येतोय ना? मग ती चहाची गाळणी आत ठेव. फिल्टर दिसला की तो अजून बिथरतो.

हा तिकडे डच गावात, फेल्डहोवनला, कॉम्प्युटर चिप बनवायच्या मशिन्सवर काम करणारा मोठा इंजिनियर. घर गरम ठेवायला रेडिएटरमधून फिरणाऱ्या पाण्यातला लोखंडी गाळ पकडायला मॅग्नेटिक फिल्टर हवा, तर पठ्ठ्याने दोन महिने एक्सेल भरलं आणि सगळ्यात ताकदवान मॅग्नेटवाला निवडला. पहिल्या वर्षी फिल्टर स्वतः साफ केला आणि तो काळा चिखल आम्हाला चहासोबत दाखवला. पुढच्या वर्षी उघडला तर आत स्वच्छ पाणी. "बघा, एक कण नाही! याला म्हणतात सिलेक्शन."

यंदा जानेवारीत रेडिएटर गार पडले. मी तिथेच होतो. डच प्लंबरने फिल्टर उघडला आणि विचारलं, "यातला मॅग्नेट कुठाय?"

शिरीषची बायको मेधा म्हणाली, "ती काळी दांडी? तू साफसफाई केलीस तेव्हापासून ओट्यावर पडली होती. मी तिने फ्रिजवर कचरागाडीच्या तारखांचं कॅलेंडर लावलंय."

ती दांडी फ्रिजवरून ओढायला प्लंबरला दोन्ही हात लावावे लागले.

शिरीष माझ्या कानात म्हणतो, "बघितलंस? आपलं सिलेक्शन चुकलं नव्हतं."