पायऱ्यांच्या पुस्तकामागचं पान

(बाइंडिंगचं दुकान. दुपारचे तीन.)

पोस्टमन: हे ते नाही. त्याच्या मागं पानं चिकटवलेली होती. जाड, पिवळी, हातानं लिहिलेली.

बाइंडर: पुस्तक तेच आहे, काका. पायऱ्यांचं. आणि हात नका लावू, सकाळीच बांधलंय. खळ ओली आहे अजून.

पोस्टमन: मग पानं कुठायत?

बाइंडर: ती चिठोरी? त्यावर छापलेलं काहीच नव्हतं. मला वाटलं कुणीतरी हिशोब-बिशोब खरडलाय.

पोस्टमन: हिशोब? अगं, आमच्या वाचनालयाची रीत आहे ती! पुस्तक वाचलं की त्याच्यामागं आपलं मत लिहायचं. पुढच्यानं ते वाचायचं, खाली स्वतःचं लिहायचं.

बाइंडर: मग ग्रंथपाल बाईंनी सांगायला नको? "बांधून ठेव" एवढंच म्हणाल्या. मला काय स्वप्न पडतंय?

पोस्टमन: किती वाजले?

बाइंडर: तीन वाजून पाच. तिसऱ्यांदा विचारताय.

पोस्टमन: चारला भेटायची वेळ संपते. मग आत नेतील त्याला.

बाइंडर: कुणाला?

पोस्टमन: टेलरला. पोटाचं ऑपरेशन आहे. काल दवाखान्यात जाता जाता वाचनालयात आला, मागं काहीतरी लिहिलं, आणि बाईंकडे निरोप ठेवला, पोस्टमनला म्हणावं वाच. आणि बाईंनी संध्याकाळी पुस्तक तुझ्याकडे धाडलं!

बाइंडर: एवढं काय लिहिलं असेल? भेटा आणि विचारा की.

पोस्टमन: तोंड कुठलं दाखवू? तीन महिने बोलणं बंद आहे. मीच लिहिलं होतं त्यात. "काजं-बटणं करणाऱ्यानं भीतीवर बोलू नये."

बाइंडर: शी! काका!

पोस्टमन: माहितीये मला. राग आला होता. वीस वर्षं एकच वाद, पोरी. पुस्तकात एका घराच्या तळघराला रोज एक पायरी वाढते, खाली कुणीतरी श्वास घेतं, आणि लेखक ते शेवटपर्यंत दाखवत नाही. मी म्हणतो, ही फसवणूक आहे. चारशे पानं चालवलंस, आता दाखव ना! तो म्हणतो, दाखवलं की संपलं, मग तो नुसता एक प्राणी.

बाइंडर: दोघंही चूक.

पोस्टमन: तू वाचलंस?

बाइंडर: शाळा सोडली म्हणजे डोळे फुटले का माझे? बांधायला येतं ते सगळं वाचते मी. यक्षांच्या नगरीचं वाचलं, झोप आली. उडत्या बेटाचं बरं होतं, पण राजकन्या रडकी. हे मात्र... मागं ह्याची दुसरी प्रत आली होती बांधायला, ती वाचून मी दोन दिवस माळ्यावर गेले नाही.

पोस्टमन: मग चुकलं काय आमचं?

बाइंडर: तुम्ही दोघं खाली काय आहे त्यातच अडकलात. त्या घरातली बायको बघा ना. रोज सकाळी पायऱ्या मोजते. एक वाढलेली असते. वर येते, नवऱ्याला चहा देते आणि काही सांगत नाही. वर्षभर! मला तिचीच भीती वाटली.

पोस्टमन: हे... हे कुणीच लिहिलं नव्हतं.

बाइंडर: मला कोण लिहू देतंय! मी मेंबर कुठाय? थांबा. पानं टाकलेली नाहीत मी.

पोस्टमन: आधी सांगायचं ना! दे.

बाइंडर: देऊ कशी? पुस्तकाच्या पाठीला मजबुती यावी म्हणून कापडाच्या आत कागद लावतात. जाड होती, चांगली होती. पट्ट्या कापल्या आणि लावल्या.

पोस्टमन: कापल्या?

बाइंडर: ओरडू नका! मला काय माहीत तुमची दोस्ती पाठीत चिकटवतेय म्हणून!

पोस्टमन: निघतील?

बाइंडर: कापड सोलावं लागेल. पुस्तकाची वाट लागेल, आणि दुकान मामांचं, ते माझी लावतील. त्यांनी कशानं लिहिलं होतं? शाई असली तर ओल्यात गेली.

पोस्टमन: पेन्सिलनं. कानावरची पेन्सिल, कापडावर खुणा करायची.

बाइंडर: मग बसा. आणि तो पाय हलवू नका, टेबल हलतंय. ...आली. ही कुणाची? "पहिली शंभर पानं कंटाळवाणी, नंतर दिवा चालू ठेवून झोपलो."

पोस्टमन: तो दूधवाला. पुढं.

बाइंडर: "पोस्टमन, हरलो. खाली काय आहे ते दाखवायलाच..." तुटलं. ही खालची पट्टी असेल.

पोस्टमन: वाच लवकर.

बाइंडर: "...हवं होतं. डॉक्टर म्हणतात, पोट उघडल्यावरच कळेल काय आहे ते. घरी कुणाला बोललो नाही. रात्री पडल्या पडल्या पायऱ्या मोजत बसतो." काका, बसा ना. उभे का राहिलात?

पोस्टमन: तिसरी.

बाइंडर: हळू निघतेय. "काजं-बटणं करणाऱ्याला हे उशिरा कळलं. आत नेतील तेव्हा दारापर्यंत ये."

पोस्टमन: किती वाजले?

बाइंडर: तीन वीस झालेत. माझी सायकल घ्या, बाहेर आहे. ब्रेक मागचाच लागतो. पेन्सिल देऊ? उत्तर लिहायचंय ना?

पोस्टमन: नको. तोंडानं सांगतो.

बाइंडर: काय सांगणार? तुम्ही जिंकलात म्हणून?

पोस्टमन: पुस्तकातल्या त्या बायकोनं वर येऊन सांगितलं नाही. ह्यानं मला सांगितलं. एवढंच. ती पट्टी दे मला, शेवटची.

बाइंडर: ह्या पुठ्ठ्यावर ठेवून न्या. ओली आहे. वर काही झाकू नका, चिकटेल.

पोस्टमन: नाही झाकत.