तार बारीक आहे

...नाही, पण मी काय म्हणतो, एकानं सांगितलं, ऐकून घेतलं, दुसऱ्यानं सांगितलं, तेही ऐकून घेतलं, पण लास ग्रूतासच्या किनाऱ्यावर उभ्या असलेल्या झाडून सगळ्या गाड्यांतून एकेक माणूस उतरावा, चपला फटफटवत माझ्यापर्यंत यावा, माझ्याच खुर्चीत बसावा आणि मलाच अदबीनं सांगावं, 'डॉन एलादिओ, तार बारीक आहे!'... अहो, माणसानं सोसायचं तरी किती?

तुम्हाला सांगतो, मी बेकरीवाला. एक्केचाळीस वर्षं चिविलकोयमध्ये पाव भाजले. मी भट्टीवर, बायको नेलिदा गल्ल्यावर. बेकरीवाल्याला कसली आलीय सुट्टी, लोक रविवारी पाव खायचे थांबतात का? समुद्र बघू, समुद्र बघू म्हणता म्हणता बिचारीची साठी उलटली आणि समुद्राऐवजी घरात आली साखर! आता तिला रोज इन्सुलिन लागतं आणि इन्सुलिनला फ्रिज लागतो. डॉक्टर म्हणाला, 'जा की समुद्रावर! पण औषध गार राहिलं पाहिजे. जानेवारीचा आपला कडक उन्हाळा, गाडीची भट्टी होते. ते तापलं की औषध कसलं, नुसतं पाणी.' झालं! त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच, फ्रिज!

पाव पोचवायची आमची जुनी व्हॅन होती, तिच्यात पलंग बसवला, फ्रिज बसवला. चूल? तर मेहुणा, रोहेलिओ, कमरेवर हात ठेवून उभा. 'गॅस घेऊन झोपणार? माझ्या बहिणीला उडवायचंय का?' म्हटलं, राहिलं, सगळं विजेवर करू. आता विजेवर म्हणजे गाडीतल्या घराची बॅटरी वेगळी आली ना! इंजिनाची बॅटरी गाडी सुरू करायला, घरची बॅटरी फ्रिजला, आणि इंजिनावर फिरून वीज करणारा, दोघींना पोसणारा अल्टरनेटर एकटा. म्हणून मध्ये रिले बसवायचा. इंजिन चालू झालं की त्यानं दोघींना जोडायचं, बंद झालं की वेगळं करायचं. दोन जावांचं तेच बरं असतं. नाहीतर एक उपाशी पडली की दुसरीलाही घेऊन बसते, आणि सकाळी गाडी ढिम्म!

आणि हे सगळं कोणी केलं? मी! पीठ मळणाऱ्या माणसानं! तीन आठवडे गाडीखाली उताणा... दोन्ही टोकांना फ्यूज, पत्र्यातून तार नेली तिथे रबर, घासून ठिणगी पडली म्हणजे? नट आवळायचा, हात धुवायचे, जेवायला बसायचं, आणि घास तोंडात गेला की मन विचारणार, 'आवळलास ना रे?' की पुन्हा गाडीखाली! नेलिदा म्हणाली, 'पलंग आत कशाला बसवलास, खालीच बसवायचा.'

हजारेक किलोमीटर आलो. डोळे रस्त्यावर कमी आणि बॅटरीच्या मीटरवर जास्त. पोचलो, इंजिन बंद केलं, मीटर बारा पॉइंट सात व्होल्ट, म्हणजे बॅटरी गच्च भरलेली. सुरेख! फ्रिज घुर्रर्र चालू, औषध गार. समोर समुद्र. नेलिदा सँडल हातात घेऊन म्हणाली, 'चल रे, पाय बुडवून येऊ.' मी म्हटलं, 'थांब, तासभर मीटर बघू दे.'

तेवढ्यात शेजारच्या गाडीतून आला गाउना. तेओदोरो गाउना, सांता फेचा, सगळा जन्म ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात गेलेला. आता दारात माणूस आला आणि यर्बाच्या, म्हणजे आमच्या कडू पाल्याच्या, काढ्यासाठी पाणी ठेवलं नाही, असं आमच्यात वैऱ्याशीसुद्धा करत नाहीत. लावली विजेची किटली इन्व्हर्टरला. भोपळ्याची वाटी निघाली, नळी निघाली, पहिली वाटी त्याला, दुसरी मला. आणि हा ओढता ओढता मान तिरकी करतो. 'एलादिओ, बाबा, मीटर बघितलास?'

दहा पॉइंट नऊ!

मी वाटी तशीच टाकून फ्रिजकडे धावलो. फ्रिज पीं पीं करायला लागला, वीज कमी पडली की करतो तसा. गाउना शांतपणे म्हणतो, 'तार बारीक आहे.'

दुसऱ्या दिवशी गावात जाऊन अंगठ्याएवढी जाड तार आणली. पुन्हा उताणा, वाळू डोळ्यात, तोंडात, नको तिथे. वर आलो, मीटर बारा पॉइंट सहा! जिंकलो! जिंकलो तर सांगायला नको? गाउनाला हाक मारली, त्यानं आणखी दोघांना आणलं. किटली लावली, वाटी फिरायला लागली... दहा पॉइंट आठ. पीं पीं पीं! एक म्हणतो रिले गेला. दुसरा म्हणतो अर्थिंग कच्चं. आणि गाउना ती नवी तार चिमटीत धरून म्हणतो, 'तरी बारीकच आहे.'

तिसऱ्या दिवशी रिले बदलला. बातमी किनाराभर झाली होती, सहा खुर्च्या लागल्या, किटलीवर किटली चालूच, कारण वाटी रिकामी ठेवायची कशी? आणि फ्रिज पीं पीं करून गपकन बंद पडला. बंद! बाहेर ऊन अडतीस!

नेलिदा उठली. तिनं औषध काढलं, ओल्या टॉवेलात गुंडाळलं आणि मांडीवर घेऊन बसली, तान्ह्या पोराला घेतात तसं. म्हणाली, 'उद्या परत जाऊ. समुद्र काय, इथूनही दिसतो.' आणि सँडल पिशवीत भरले. तीन दिवसांत एकदाही न भिजलेले सँडल! माझा जीव कळवळला हो. तिच्यापायी केलं सगळं, आणि तिलाच तिथे बसवून ठेवलं.

मी म्हटलं, 'शेवटचं बघतो.' घुसलो गाडीखाली. गाउना घुसला. आणखी दोघे घुसले. गाडीखालून आठ पाय बाहेर! गाउनाच्या हातात पाना, मीटर तारेसकट खाली ओढून घेतलेला. तो एक नट आवळतो आणि ओरडतो, 'आली! बारा पॉइंट चार! मी म्हटलं नव्हतं, हाच नट!' आणि पुढच्याच श्वासाला, 'गेली!' पुन्हा आवळतो. 'आली!... गेली!... आली!'

मला शंका आली. डोकं बाहेर काढलं. बघतो तर वर नेलिदा उभी. एका हातात टॉवेल, दुसऱ्या हातात किटलीची पिन. लावतेय, काढतेय. लावतेय, काढतेय.

'नेलिदा, हे काय?'

'तीन दिवस बघतेय. पाहुणा आला की ही किटली लागते. ही लागली की फ्रिज ओरडतो. ही एकटीच तुमच्या सगळ्या बॅटरीचा काढा करून पितेय.'

'अगं, मग बोलली का नाहीस?'

'सहा जण बोलत होतात. मी बोलायचं कुठे?'

गाडीखालून आवाज आला, गाउनाचा. 'वहिनींचं बरोबर आहे... पण तार बारीक आहेच.'

तर आता असं आहे. इंजिन तासभर चालवलं, मीटर बारा पॉइंट सात, फ्रिज घुर्रर्र, औषध गार. किटली नेलिदानं जप्त केली. ती रोज सकाळी पाण्यात गुडघाभर उभी असते, पोरीसारखी किंचाळते, मी लांबून बघतो आणि डोळे पुसतो, वाऱ्यानं वाळू जाते म्हणून. पण माझ्याकडे कोणी फिरकत नाही हो! यर्बा नाही तिथे कोण येणार? शेवटी काय करता, खुर्ची उचलतो आणि गाउनाच्या गाडीशी जाऊन बसतो. त्याच्याकडे गॅस आहे. पहिली वाटी तो देतो, मी ओढतो, मान तिरकी करून त्याचा मीटर बघतो, आणि काय सांगू तुम्हाला, तोंडावर ताबाच राहत नाही...

'तेओदोरो, रागावू नकोस हं... पण तार बारीक आहे!'