आवाजापुरती वाट

ताई : मला तुमच्या कंपन्यांचं भांडण ऐकायचं नाही, मला आई दिसायला हवीय. सकाळपासून व्हिडिओ लावतेय. नुसतं गोल गोल फिरतंय.

धाकटा : फिरतच राहणार, ताई. तुझ्या शहरात सगळं नेट त्या दुसऱ्या कंपनीचं, इथं आईकडं नि माझ्याकडं आमच्या कंपनीचं. दोघांमधला रस्ताच आज बंद झालाय.

ताई : मग हा फोन बरा लागला.

धाकटा : आवाजाचा फोन वेगळ्या वाटेनं जातो.

ताई : वा. म्हणजे तुझ्याशी तासभर बोला, आणि जिला जन्मापासून ऐकू येत नाही तिच्याशी काही नाही.

धाकटा : एसएमएस टाक ना तिला. तो जाईल.

ताई : टाकला. ‘ठीक आहे’ असं उत्तर आलं. आई हातांनी बोलते रे. अक्षरांत ती परक्या घरी गेल्यासारखी वागते, तुला काय नव्यानं सांगायचं? उद्या सकाळी माझ्या उजव्या हाताचं ऑपरेशन आहे.

धाकटा : माहितीये. छोटी गाठ आहे म्हणालीस.

ताई : गाठ छोटीच आहे, पण नसेवर बसलीय. डॉक्टर म्हणतात, गाठ निघेल, बोटं किती हलतील ते मागाहून बघू. म्हणून आज तिच्याशी दोन्ही हातांनी पोटभर बोलून घ्यायचं होतं.

धाकटा : हे बोटांचं मला सांगितलं नव्हतंस.

ताई : कुणालाच नाही. आधी तिला सांगणार होते, समोरासमोर. एवढं भांडताय तरी कशावरून?

धाकटा : आजवर दोन्ही कंपन्या बरोबरीच्या म्हणून एकमेकींचं नेटवरचं सामान फुकटात पुढं पोचवायच्या. आता आमचे साहेब म्हणतात, तिकडून येतं ढीगभर, इकडून जातं मूठभर, मग बरोबरी कसली, पैसे मोजा. पलीकडचे म्हणतात, तुमचेच लोक मागतात म्हणून पाठवतो. दोघांचंही खरं आहे, म्हणून तर मिटत नाही.

ताई : तिसऱ्या कुणाकडून वळवा.

धाकटा : छोट्या कंपन्या वळवतात. या दोघांना तिसऱ्याच्या अंगणातून जायचं म्हणजे नाक कापल्यासारखं वाटतं.

ताई : आणि बंद केलं कुणी?

धाकटा : साहेबांनी सांगितलं.

ताई : साहेब सांगतात. करतं कोण?

धाकटा : मी केलं. एक ओळ टाइप केली. तासाभरात नमतील, असं सगळे म्हणत होते. एकाच हॉलमध्ये आमच्या नि त्यांच्या मशीनचे जाळीचे पिंजरे आहेत, मध्ये एक पिवळी वायर. वायर तशीच आहे, टोकाचा दिवा तेवढा विझलाय. पलीकडचा इंजिनिअर माझा रोजचा दोस्त. आज जाळीतून नुसती मान हलवली त्यानं. त्यालाही बोलू नको म्हणून ताकीद आहे.

ताई : मग गुपचूप चालू कर.

धाकटा : एकट्यानं होत नाही ते. चालू करायला दोन्हीकडून हो लागतं. बंद मात्र कुणीही एकटा करू शकतो.

ताई : मग तूच जा तिच्याकडं. मी फोनवर बोलते, तू हातांनी सांग. लहानपणी दुकानात, शाळेत करायचासच की.

धाकटा : माझे हात गंजलेत, ताई.

ताई : तेल घाल आणि जा.

(त्याच संध्याकाळी. आईच्या स्वयंपाकघरात टेबलावर फोन, स्पीकर चालू.)

धाकटा : हं, बोल. मी दिव्याखाली बसलोय, आई समोर आहे.

ताई : तिला सांग, नेट बंद आहे म्हणून मी दिसत नाही.

धाकटा : सांगितलं. अगं, थांब. उठून गेली ती.

ताई : कुठं?

धाकटा : दार लावायला. मी ‘बंद’ म्हणून जे केलं ना, तिला वाटलं दार लाव म्हणतोय.

ताई : तेल कमी पडलं.

धाकटा : हस तू. आली परत. आता कळलं तिला. कुणी बंद केलं म्हणून विचारतेय.

ताई : खरं काय ते सांग.

धाकटा : सांगितलं. म्हणते, ‘माझा मुलगा लोकांना बोलतं ठेवायची नोकरी करतो म्हणून चारचौघांत मिरवते मी.’

ताई : बरं झालं. आता माझं सांग. गाठ काढल्यावर कदाचित माझी उजवी बोटं नीट हलणार नाहीत. मला भीती वाटते. कापाकापीची नाही. तुझ्याशी बोलता येणार नाही, याची.

धाकटा : सांगितलं.

ताई : काय म्हणाली?

धाकटा : काळजी घे म्हणाली.

ताई : एवढंच? तू नेमकं काय सांगितलंस?

धाकटा : उद्या ऑपरेशन आहे. छोटंसं आहे.

ताई : मला तुझे हात दिसत नाहीत म्हणून काहीही करशील? मधल्यानं स्वतःचं घालायचं नाही आणि दुसऱ्याचं गाळायचं नाही.

धाकटा : डोळ्याला डोळा लागणार नाही तिचा. इथं मी आहे, तू नाहीस.

ताई : असते तर मीच सांगितलं असतं. आज जो तो मधलाच ठरवतोय, कुणाला काय पोचवायचं ते.

धाकटा : थांब जरा. ती बघतेय माझ्याकडं. म्हणते, ‘तुम्ही दोघं माझ्यासमोर भांडताय. तोंड दिसतं मला तुझं. तिनं दिलेलं राहिलंय तुझ्याकडं, ते दे.’

ताई : दे ना मग.

धाकटा : बोटांचं कसं सांगू? मला येत नाही ते.

ताई : डाव्या हातानं उजवी बोटं आवळून धर. आणि तशीच माझ्या नावाची खूण करायला जा.

धाकटा : केलं.

ताई : कळलं तिला?

धाकटा : कळलं.

ताई : रडतेय का?

धाकटा : नाही. हात मांडीवर ठेवून बसलीय.

ताई : बोल काहीतरी.

धाकटा : थांब. सुरू केलं. हळूहळू करतेय, मला समजावं म्हणून.

ताई : ती म्हणेल तसंच सांग.

धाकटा : ‘तू तान्ही असताना फार रडायचीस म्हणे. मला ऐकू यायचं नाही. म्हणून मी तुला कधी खाली ठेवलंच नाही.’

ताई : हं.

धाकटा : ‘सारखी कडेवर तू. स्वयंपाक करताना, बाजारात, सगळीकडं. माझा एकच हात मोकळा. तू चालायला लागेपर्यंत मी तुझ्याशी त्या एका हातानंच बोलले.’

ताई : आणि?

धाकटा : ‘तुला सगळं कळायचं.’