घड्याळ माझ्या हातात होतं

आमचं गाव गुहागरकडचं, खाडीला लागून, आणि ताई, तुम्ही विचारताय म्हणून सांगतो, त्या अख्ख्या खाडीपट्ट्यात माझ्याएवढं पळणारा कोण नव्हता, शाळेच्या शर्यतीत तर मला मागं वळून बघायला वेळ मिळायचा. पण दहावी झाली, वडील गेले, मामानं व्हिसा काढला नि मी शारजाला एका क्लबच्या मैदानावर कामाला लागलो. सकाळी ट्रॅकवरची रेती झाडायची, पाणी मारायचं, पळणारे पाय टेकून सुटतात ते ब्लॉक लावून द्यायचे. पळायच्या जागेवर झाडू मारायला आलो, बघा. तिथल्याच रोल्ला भागात एका खोलीत आठ जण होतो, त्यांना मात्र सांगायचो, आपण स्पोर्टमध्ये हाय.

त्र्याण्णव सालची गोष्ट, थंडीत एक जपानी आला, केंजी, शंभर मीटरवाला. त्यांच्याकडं बर्फ पडतो म्हणून त्याच्या कंपनीनं सरावाला धाडलेला. कंपनी पगार देते, आणि काम काय, तर पळ! माझ्याच वयाचा, माझ्याच उंचीचा, पायसुद्धा माझ्यासारखेच बारीक. काय सांगू तुम्हाला, मला असं लागलं ना आतून. पळून झालं की तो ट्रॅकला वाकून नमस्कार करायचा, नि मी मनात म्हणायचो, झाडला कोणी तो, त्याला कर की मेल्या.

महिनाभरानं त्याच्यासोबत आलेला कोच परत गेला, तर आमचा मुदीर, साहेब हो, मला म्हणाला, यल्ला, चल, आता तू घड्याळ धर. पहिल्याच दिवशी दहा पाच आलं, दहा सेकंद नि वर पाच दशांश. मी तोंडानं म्हटलं दहा सात, नि झटकन घड्याळ शून्यावर आणलं. का बोललो? जळफळाट, दुसरं काय. त्याचं तोंड उतरलं नि मला बरं वाटलं, तुमच्याशी खोटं कशाला बोलू.

मग रोजचंच झालं, दोन वाढवून सांगायचं. तो परत जायचा, परत पळायचा, पुन्हा, पुन्हा. म्हटलं, आता मोडेल हा. मोडला नाही हो! उन्हाळ्यात त्यांच्या देशात पहिला आला, आणि पुढच्या थंडीत माझ्यासाठी मिठाईचा डबा घेऊन आला, म्हणतो, बाकीचे खूष करायला कमी सांगतात, तू कडक. जळायचं मी आणि पदक त्याला!

असे सात-आठ हिवाळे गेले. दोन हजार साल उलटलं, आमची दोघांची पस्तिशी सरली. एका सकाळी घड्याळात अकरा दिसले. मला बघवलं नाही. म्हटलं, दहा आठ.

तो हसला. मोडक्या इंग्लिशमध्ये म्हणतो, तू आधी नेहमी दोन वाढवायचास, मला ठाऊक होतं, पायांना कळतं. राग यायचा, म्हणून पळायचो. आज पहिल्यांदा तू कमी केलेस. खलास, माझं पळणं संपलं.

मला रडू आलं, ताई. तो म्हणाला, तुझा टाइम किती? म्हटलं, आमच्या शाळेत शिट्टी होती, घड्याळ नव्हतं. मग पळ, म्हणाला, आणि घड्याळ माझ्या हातातून घेतलं. कामाचे बूट काढून अनवाणी पळालो, छाती फुटायची बाकी होती. रेषेपलीकडं जाऊन पडलो. तो म्हणाला, तेरा दोन. मी उठून बघेपर्यंत घड्याळ शून्यावर.

आता मी गावीच असतो, गुडघे गेले. तो तिकडं पोरांना पळायला शिकवतो म्हणे, ते ऐकून अजून जळतो मी, का नाही जळणार? पण तेरा दोन खरे होते का, ते विचारायचं राहिलं. दया येऊन कमी करून सांगितले असतील, तर त्याला कधी माफ करणार नाही. वाढवून सांगितले असतील, तर देव त्याचं भलं करो.