काहीच वाटू नये अशी चित्रं

संशोधिका : काका, तुम्ही खरंच खुर्ची बघून रडलात?

कोच : हसू नका हो दोघी.

बायको : मी कुठे हसतेय? मला ठसका लागलाय.

संशोधिका : नाही, म्हणजे मेंदूच्या स्कॅनच्या मशीनमध्ये मी तुम्हाला भांडणारी माणसं दाखवली, अंगावर येणारा कुत्रा दाखवला. तुम्ही ढिम्म. आणि मधेमधे आम्ही काहीच वाटू नये अशी चित्रं टाकतो. बादली, छत्री, खुर्ची...

कोच : बादलीला मी रडलो नाही.

बायको : अरे वा! काय पण धीराचा माणूस! अगं, तीस वर्षं बॉक्सिंग शिकवतात हे. कुणाचं नाक फुटलं तरी भुवई हलायची नाही. आणि परवा टूथपेस्टची ट्यूब संपली, तर डोळ्यांना धारा.

कोच : शेवटपर्यंत साथ दिली हो तिनं. किती पिळली, तरी.

संशोधिका : थांबा, मला हे लिहून घ्यायचंय... नाही, आधी हसू द्या.

कोच : लिही, लिही. 'माणूस क्रमांक सतरा, पार बिघडलेला.'

संशोधिका : बिघडलेलं काही नाही, काका. प्रोस्टेटमधल्या कॅन्सरच्या गाठीसाठी तुम्हाला जे इंजेक्शन चालू आहे, ते शरीरातलं टेस्टोस्टेरॉन जवळजवळ बंदच करतं. गाठ त्याच्यावरच वाढते ना. पण ते हॉर्मोन मेंदूतही कामाला असतं. शिवाय पुरुषांमध्ये त्यातूनच थोडं इस्ट्रोजेन तयार होतं. तेही गेलं.

कोच : इस्ट्रोजेन? माझ्यात? ते तर बायकांचं ना?

बायको : बघा! इतकी वर्षं माझं वापरत होतात आणि सांगितलंसुद्धा नाहीत.

संशोधिका : दोन्ही हॉर्मोनं दोघांत असतात, काकू. प्रमाण वेगळं. आता असं धरा, मेंदूत एक भाग आहे, जरा खुट्ट झालं की घंटा वाजवणारा. आणि कपाळामागे दुसरा, 'अरे, काही नाही झालं, बस खाली' म्हणणारा. हॉर्मोनं कमीजास्त झाली की त्या दोघांचं आपसातलं बोलणं बदलू शकतं. बायकांत, पुरुषांत, कुणात किती, तेच आम्ही शोधतोय. सगळ्यांचं सारखं नसतं.

बायको : यांच्या कपाळामागचे साहेब रजेवर गेलेत.

कोच : आणि अंगात भट्टी पेटते, ती?

बायको : ते मला विचारा. छातीपासून निघते? मग मान, मग कान?

कोच : मग बनियन पिळावं इतका घाम.

बायको : आणि पाच मिनिटांत हुडहुडी!

कोच : अगं, तीच! तीच!

बायको : या, बसा. आठ वर्षं वाट बघतेय तुमची.

कोच : ए, आली बघ. आत्ता आली. ते कागद दे इकडे.

बायको : एकटेच काय वारा घेताय? मलाही घाला.

संशोधिका : अहो, तो माझा प्रबंध आहे!

कोच : चांगला जाड आहे. छान वारा येतो... खुर्चीचं सांगू?

बायको : सांगा की.

कोच : तुझी पाळी थांबून हे सगळं सुरू झालं होतं तेव्हा. घरात पाहुणे, आणि तू ताटावरून उठून गॅलरीतल्या तसल्याच खुर्चीवर जाऊन बसलीस. कडाक्याच्या थंडीत. मी सगळ्यांसमोर म्हणालो, 'तिची नाटकं चालू आहेत,' आणि गॅलरीचं दार लावून घेतलं.

बायको : कडीसुद्धा घातलीत.

कोच : कडी पण?

बायको : सवयीनं. शेवटी शेजारणीनं तुम्हाला फोन केला, तेव्हा उघडलंत.

कोच : मग बोलली का नाहीस काही?

बायको : बोलले असते तर म्हणाला असतात, दुसरा अंक सुरू झाला.

कोच : चुकलो गं.

बायको : रडा आता खुशाल. या वेळी कारण तरी धड आहे.

(तिघंही हसतात. कोचचं हसू मधेच थांबतं.)

कोच : अजून एक चुकलंय. सोमवारचं इंजेक्शन मी रद्द केलंय. परवाच फोन करून.

बायको : काय?

कोच : क्लासमध्ये पोरींसमोर रडू फुटलं गं. काही कारण नव्हतं. लाज वाटली.

बायको : पोरी हसल्या?

कोच : नाही. एकीनं टॉवेल दिला. मग सगळ्या भिंतीकडे तोंड करून दोरीवरच्या उड्या मारत राहिल्या. माझं आवरेपर्यंत.

बायको : गुणाच्या आहेत. अहो, रडका नवरा मी सांभाळेन. पण सांभाळायला नवरा हवा ना?

संशोधिका : काका, या झळांवर, या रडण्यावर इलाज असतात. तुमच्या डॉक्टरांना सांगितलंत?

कोच : त्यांना कसं सांगायचं?

संशोधिका : मला सांगितलंत तसं.

बायको : फोन लावा.

कोच : आत्ता? बघ कसा निथळतोय मी.

बायको : लावा. घाम मी पुसते.

कोच : हॅलो... हो, सोमवारचं मीच रद्द केलं होतं. परत मिळेल का?... बरं. आणि डॉक्टरांशी जरा बोलायचंय, थोडा जास्त वेळ ठेवा... नाही, नाही, एकटा नाही. बायको आहे सोबत.