आधी चरबी, की आधी दंड?

…आणि वर मलाच विचारतात, 'हरिश्चंद्रा, तुझं जमलेलं लग्न मोडलं कसं?' कसं म्हणजे? पोटावरून मोडलं! पोट होतं म्हणून नव्हे हो… ते उतरवायला निघालो म्हणून!

तुम्हाला सांगतो, जिल्हा नुकताच वेगळा झालेला, मी मालवणात कचेरीत कारकून, आणि धामापूरच्या दुर्गेला बघायला गेलो. खापरोळ्या तिनेच केलेल्या, नारळाच्या रसात बुडवून मी खातोय, खातोय, ती दाराआडून बघतेय, हसतेय… तिच्या वडिलांनी, दाजींनी, तिथल्या तिथे होकार दिला! आता गप उठून घरी यायचं की नाही? पण समोर आरशाचं कपाट! त्यात मी दिसलो. पोट मांडीवर येऊन बसलेलं, पाहुण्यांचं पोर बसतं तसं, आणि दंड? दंड कसले, नुसत्या बाह्या! म्हटलं, असा उभा राहणार मी दुर्गेच्या शेजारी, फोटोत? "दाजी," म्हटलं, "साखरपुडा जरा जत्रेनंतर करूया." कारण सांगितलं नाही. लाज वाटली हो!

बरं, करायचं काय ते सरळ होतं. चरबी घालवायची, दंड कमवायचे. पण आधी काय? आधी चरबी, की आधी दंड?

काशिनाथ मास्तर, शाळेत कवायत घेणारे, म्हणाले, "हरिश्चंद्र! आधी भांडं घासायचं, मग कल्हई! पेज प्यायची आणि वाळूत धावायचं!" पटलं. शेजारचा आर्थर जहाजावरून सुट्टीला आलेला, येताना लोखंडी वजनं घेऊन, तो म्हणतो, "अरे खुळ्या, हाडार मांस नाय, घासतंस काय? आदी खा! अंडी खा, सुंगटां-बांगडे खा, वजन उचल! दंड इले काय चरबी आपसूक जाता!" हेही पटलं! आणि आपल्याकडे दोघांतल्या एकाला नाही म्हटलं की तो वर्षभर तोंड फिरवून जातो, तुम्हाला माहीतच आहे. मग मी काय केलं? सकाळी मास्तरांबरोबर वाळूत धावलो, पेज प्यालो, आणि संध्याकाळी आर्थरकडे वजन उचलून त्याच्या आईच्या, आग्नेसबायच्या हातची अंडी खाल्ली… पोट होतं तिथेच, दंड नव्हते तिथेच! नुसता दमलो.

शेवटी आई वैतागली. "इतको घोळ कित्याक घालतंस? जत्रेक देवाक कौल लाव नि मोकळो हो!"

लावला! गणपत गुरवाने देवाच्या पाषाणाला दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर आधी चरबी, डावी पडली तर आधी दंड. मी त्याला कानात सांगितलं हो, हळूच! पण गाऱ्हाणं हळू घालतात का कधी? "बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकराचा प्वाट फुडे इला आसा, दंड मागे ऱ्हवले आसत! आदी काय करूचा तां सांग रे म्हाराजा!" आणि अख्खं देऊळ, "व्हय म्हाराजा!" बायका पदरात तोंड घालून हसतायत… आणि पाकळ्या? हलेचनात! ना उजवी, ना डावी! देवालासुद्धा सुचेना, आधी चरबी की आधी दंड!

आणि नेमके तेव्हाच, गाऱ्हाणं संपल्यावर, दाजी देवळात शिरले. शेजारच्याला विचारतात, "कोणाचो कौल?" "हरिश्चंद्राचो. देव देना नाय." झालं! आल्या पावली फिरले. मी धावलो मागे, "दाजी, अहो दाजी, तो लग्नाचा नव्हता, तो पोटाचा कौल होता!"

"पोटाचो?" दाजी थांबले. वरपासून खालपर्यंत बघितलं मला. "म्हणजे पोटात दुखणा आसा! साखरपुडो फुडे ढकललंस तो ह्येच्याचसाठी! आनी देवसुदीक बरां करूक तयार नाय!"

होकार दिला होता तसाच तिथल्या तिथे नकार दिला, आणि धामापूरची वाट धरली!

वैशाखात दुर्गेचं लग्न झालं. वेंगुर्ल्याच्या दत्तारामाशी. गेलो मी. नाही गेलो तर लोक म्हणाले असते, पोट दुखत असेल. आणि नवरा बघितला… अहो, त्याचं पोट मांडवात आधी आलं, तो मागाहून! बघतच राहिलो. तेवढ्यात दुर्गेची आत्या, अक्का, शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणते, "आमच्या दुर्गाक तुझा प्वाटच आवडलेला रे झिला. म्हणालेली, पोटभर जेवणारो माणूस आसा, रांधलेल्याक नावां ठेवचो नाय."

वाईट वाटलं हो. फार वाईट वाटलं. अजून वाटतं, कुठे खापरोळी पानात पडली की वाटतं.

मग पंगतीला बसलो. वाढपी समोर आला, एका हातात जिलब्यांचं ताट, दुसऱ्या हातात भाताचं, आणि विचारतो, "आदी काय वाडू?"

म्हटलं, "वाढ रे बाबा, दोन्ही वाढ. आता कोणाला दाखवायचंय!"