पहिल्या पहाटेची कविता

(जुन्या जपानची राजधानी, शरद ऋतू. दरबारी कवी तोकिसुए काल डाव्या आणि उजव्या बाजूच्या कवितांच्या सामन्यात परीक्षक होता. रात्रभर मंत्र्यांकडे राहून आत्ता घरी आलाय. त्याची बायको माकिको दारातच उभी आहे.)

माकिको : आधी तोंड धुवा. मंत्र्यांची साके इथपर्यंत दरवळतेय.

तोकिसुए : अगं, इयो प्रांताची सुभेदारी मिळाली! दुसरी असती तर नाचली असती.

माकिको : आणि आपल्या लेकीला काय मिळालं?

तोकिसुए : नोरिकोच्या कवितेत बैल होता. विषय काय, तर पहाटेचा निरोप. तिथे दव नाही, चंद्र नाही, दारात ताटकळलेला बैल! लोक मला हसले असते.

माकिको : निरोप घेऊन ज्या गाडीत बसता, ती काय चंद्र ओढतो?

तोकिसुए : शिवाय पहिल्या जोडीत डावी बाजू हरत नाही. रिवाजच आहे तो. आणि तिच्यासमोर डावीकडे मंत्र्यांचे चिरंजीव.

माकिको : मग बरोबरीत सोडवायचीत. तेवढ्यावरही महाराणींनी तिला पदरी घेतलं असतं. तुम्हाला ठाऊक होतं.

तोकिसुए : पुन्हा येईल की संधी.

माकिको : जिला बापानंच भर दरबारात पाडलं, तिला कोण बोलावतंय?

तोकिसुए : हळू बोल. आत ऐकेल ती.

माकिको : निकाल देताना नाही तुमचा आवाज हळू झाला!

तोकिसुए : अगं, चिरंजीवांची कविता खरंच सरस होती. ती दवानं भिजलेली बाही...

माकिको : ...आणि ती वाळू नये म्हणून उन्हात न जाणारा माणूस. पाठ आहे मला. आपल्या पहिल्या रात्रीनंतर, पहाटे निरोप घेऊन गेल्यावर, तुम्हीच मला पाठवली होतीत. काल मी पडद्याआड बसले होते, आणि माझे कान अजून शाबूत आहेत.

तोकिसुए : त्याला लिहिता येत नाही गं. फार मागे लागला होता.

माकिको : म्हणून माझी उचलून दिलीत. कविता तुमची, परीक्षक तुम्ही, आणि वर निकाल देताना डोळ्यांत पाणी! लाज कशी वाटली नाही?

तोकिसुए : लाजेवर घर चालत नाही.

माकिको : तुमचं तर तिच्यावाचून छान चाललंय.

तोकिसुए : बरं, बोलून झालं ना? ऐक. पौर्णिमेला चिरंजीवांना आणखी एक कविता लागणार आहे. मला हल्ली काही सुचत नाही. माझ्या जुन्या पत्रांची ती पेटी जरा काढ.

माकिको : रिकामी आहे. काल आल्या आल्या नोरिकोनं पत्रं नेली. त्यांच्या कोऱ्या पाठीवर बुद्धाचं सूत्र उतरवतेय.

तोकिसुए : सूत्र? पण ते तर माणूस गेल्यावर त्याच्या पत्रांवर उतरवतात.

माकिको : मीही तेच म्हटलं तिला.

तोकिसुए : मग?

माकिको : ‘ठाऊक आहे, आई,’ म्हणाली. मग मी तिला शाई उगाळून दिली.